स्वयंपाकिणीची पूर्ण वाक्यं

ढगूचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलं होतं. जन्मल्यावर ती पहिल्यांदा रडली तेव्हा प्रसूतिगृहातली नर्स दचकली होती म्हणे. मूठभर जीव आणि आवाज असा, की कुठेतरी आभाळ गडगडावं. बापाने तिथल्या तिथे तिला ढगू म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते कायमचं. पुढे शाळेत पोरं तीच हाक मारायची. ती आवाजावरून मारतात की रंगावरून, हे ढगूला कधी नीट कळलं नाही, आणि विचारण्यात काही अर्थही नव्हता.

तिचे आईवडील लांबच्या देशातून इथे कामाला आले होते. वडील लवकर गेले. आईने एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं चादरी धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या. काळ्याभोर रंगाची, दाट कुरळ्या केसांची ही मायलेकींची जोडी गल्लीत दुरूनही ओळखू यायची. ढगू इथेच जन्मली, त्यामुळे इथली भाषा तिच्या तोंडात दुधाबरोबरच बसली. आईला मात्र ती शेवटपर्यंत सरळ आली नाही. तिच्या बोलण्यात सगळं जग पुल्लिंगी होतं. चादर वाळला, नर्स आला, मी दमला. शाळेत पालकांना बोलावलं की ढगू ती चिठ्ठी दोन-दोन दिवस दप्तरातच ठेवायची. बाईंशी आईने फक्त मान हलवावी, तोंड उघडू नये, असं तिला वाटायचं. आईलाही ते कळायचं, म्हणून ती खरंच नुसती मान हलवून घरी यायची.

मोठी झाल्यावर ढगू बस डेपोत सूचना वाचायच्या नोकरीला लागली. अमुक गाडी तमुक फलाटावर लागेल, एवढंच काम. पण एकदा गाडीची वाट बघत बसलेल्या एका बाईंनी तो आवाज ऐकला आणि गाडी सोडून त्या सरळ सूचनांच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. त्या परदेशी कार्टून मालिका इथल्या भाषेत करून देणाऱ्या स्टुडिओच्या दिग्दर्शक होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. महिन्याभरात ढगूने डेपो सोडला.

चार वर्षांत तिने अस्वलं केली, चेटकिणी केल्या, एक म्हातारं कासव आणि बोलणारा ट्रकही केला. सध्या राजकन्येच्या मालिकेत ती स्वयंपाकीण होती. राजकन्या गोरीपान, सोनेरी केसांची, आणि राजवाड्यात रोज काही ना काही चोरीला जायचं किंवा हरवायचं, ते शोधून काढणारी. स्वयंपाकीण जाडजूड, काळी, डोक्याला रुमाल बांधलेली. तिच्या वाट्याला हसू यायचं. मास्तरांनी, म्हणजे मालिकेचे संवाद इथल्या भाषेत लिहिणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी, तिला अशीच मोडकी भाषा दिली होती. राजकन्या आला, सूप झाला, भूत दिसला, मी पळाला. पहिल्या दिवशी ढगूने ते पान हातात घेतलं आणि एका दमात असं म्हणून टाकलं, की काचेपलीकडे मॅडमना हसू आवरेना. इतकं हुबेहूब कसं जमलं, असं त्यांनी विचारलं. जमलं, एवढंच ढगू म्हणाली.

मुलांनी स्वयंपाकीण डोक्यावर घेतली. आणि सगळ्यात जास्त घेतली ती ढगूच्या सहा वर्षांच्या लेकीने.

लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. रंग आईचा, केस आईचे, नाक तेवढं बापाचं. बाप इथलाच, गोरा, शांत, बोलण्यात काटकसरी. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्याची बहीण चार घरं सोडून राहायची. तिची आठ वर्षांची मुलगी दर रविवारी भिंगरीकडे खेळायला यायची. रंगारूपाने ती खेळण्यांच्या दुकानातल्या काचेआडची वाटे, म्हणून सगळे तिला बाहुली म्हणत. दोघी मामे-आत्येबहिणी भांडायच्या भरपूर, पण एकीला दुसरीशिवाय चैन पडत नसे.

अशाच एका रविवारी दुपारी ढगू आतल्या खोलीत धुतलेले कपडे घडी करत होती. तिची आई दर रविवारी येई, तीही बाजूला बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. बाहेर मुलींचं राजवाडा-राजवाडा चाललं होतं. बाहुली खुर्चीवर उशी ठेवून बसली होती. भिंगरी डोक्याला पंचा बांधून भांड्यात चमचा ढवळत होती आणि आईच्याच गडगडत्या आवाजात म्हणत होती, "राजकन्या उठला! सूप झाला!"

ढगूला हसू आलं. पोरीने आवाज अगदी बरोबर उचलला होता.

थोड्या वेळाने बाहुली कंटाळली. खुर्चीवर नुसतं बसायचं, यात काय मजा? तिला आता स्वयंपाकीण व्हायचं होतं. भिंगरीने जराही न रागावता तिला समजावलं, जसं आपण कुणाला चप्पल उजव्या पायाची आहे हे समजावतो तसं. "तू नाही होऊ शकत. त्याला असे हात लागतात." तिने बाही वर करून दाखवली. "आणि समजा तुला दिलं, तर मी कोण होणार? मला राजकन्या होता येत नाही ना."

"हो, ते आहेच," बाहुली म्हणाली, आणि पुन्हा उशीवर जाऊन बसली.

ढगूच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. दोघींपैकी कुणी कुणाचा अपमान केला नव्हता. कुणी रडलं नव्हतं. असे हात कुठे लागतात आणि कुठे चालत नाहीत, हे पोरींना पक्कं माहीत होतं, आणि त्यांना ते ज्या आवाजात कळलं होतं तो ढगूचा होता. तिने आईकडे पाहिलं. आई मोजे लावत होती.

"ऐकलंस?" ढगू हळूच म्हणाली.

"ऐकला," आई म्हणाली. "मी पहिला दिवसच ऐकला होता. टीव्हीवर."

म्हणजे काय, हे ढगूला कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर मान वर करवेना. आई मोज्याचा जोडीदार शोधत राहिली. मग तिच्या पद्धतीने, थांबत थांबत, ती बोलली. तिला राग आला नव्हता. उलट पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, आपली ही अर्धीमुर्धी भाषा अखेर लेकीच्या कामाला आली. लाँड्रीतल्या तिच्या मैत्रिणींनाही तिने सांगितलं होतं. फक्त एक गोष्ट तिला खुपत होती.

"तो बाई सारखा घाबरतो," ती म्हणाली. "सारखा पळतो. मी भाषा चुकला असेल, ढगू. मी कधी पळाला?"

ढगूने टॉवेल खाली ठेवला आणि आईचा हात धरला. आईने तो थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला, कारण मोजे बरेच उरले होते.

रात्री भिंगरी झोपल्यावर ढगूने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला की कार्टून आहे, मुलं चार दिवसांत विसरतात. ढगूने पोरींचं बोलणं त्याला शब्द न् शब्द पुन्हा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानातून फोन केला. दुकानाच्या भिंतीवर चष्मे लावलेल्या मुलांची अकरा चित्रं होती, ती त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिली होती, आणि त्यातलं एकही भिंगरीसारखं नव्हतं. ती चित्रं त्यानेच सात वर्षांपूर्वी लावली होती. एवढं सांगून त्याने गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.

पुढच्या रेकॉर्डिंगला ढगू माइकसमोर उभी राहिली तेव्हा तिचे कान वेगळेच झाले होते. डबिंग करताना हेडफोनमधून मूळ परदेशी आवाज ऐकू येतो. ती भाषा तिला येत नव्हती. कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबायचं, एवढ्यापुरताच ती तो आवाज ऐकायची. आज तिने तो बाईचा आवाज म्हणून ऐकला. तो बसका, शांत होता. त्यात हसणं नव्हतं. आणि ती बाई बरंच काही बोलत होती. पडद्यावर स्वयंपाकिणीचे ओठ सात-आठ सेकंद हलत होते, आणि ढगूच्या कागदावर तीन शब्द होते. उरलेली जागा ती नेहमी हा-हा-हा करून आणि अगं बाई, अगं बाई म्हणून भरायची. चार महिने ती हेच करत होती, आणि एवढा वेळ ती बाई बोलते तरी काय, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने मास्तरांकडे मूळ संवादांचा शब्दशः तर्जुमा मागितला. मास्तर सज्जन माणूस. त्यांनी काही न विचारता फाइल पुढे केली. ढगूने डबा उघडलाच नाही. तिने आजचंच पान काढलं. राजाची अंगठी गेलेली आहे, सगळे भुताने नेली म्हणून ओरडताहेत. ढगूचं वाक्य होतं, "बाप रे, भूत आला, मी पळाला." मूळ पानावर स्वयंपाकीण म्हणत होती, "दार आतून बंद होतं, आणि ओल्या पावलांचे ठसे तर बाहेर आहेत. राजकन्ये, आधी खिडकी बघ." त्याच्यापुढच्या दृश्यात राजकन्या खिडकी बघते आणि चोर सापडतो. आतापर्यंत मुलांना वाटत होतं, तिला ते आपोआप सुचतं.

ढगूने मागची पानं चाळली. बाराही भागांत तेच. माग काढायची ती स्वयंपाकीणच.

"मास्तर, हे असं का केलंत?" तिने विचारलं.

मास्तर म्हणाले, वाहिनीवाल्यांना विनोद हवा होता. मालिकेत कुणीतरी हसवणारं पाहिजे. आणि ती बाई दिसायलाच बाहेरची आहे, तेव्हा तिची भाषा मोडकी असणार, असं त्यांनी धरलं.

"तुम्ही चार वर्षं माझं बोलणं ऐकताय," ढगू म्हणाली. "मी दिसायला कशी आहे?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनी चाळीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं होतं. आपलं उत्तर चुकलं की ज्यांना स्वतःलाच कळतं, अशांतले ते होते. ते म्हणाले, चला, मॅडमकडे जाऊ.

मॅडम सहज ऐकणार नव्हत्या, आणि त्यांच्या जागी त्यांचं बरोबरही होतं. बारा भाग दाखवून झाले होते. वाहिनीने आवाज मंजूर केला होता. मुलांना तो आवडत होता. आता मधूनच स्वयंपाकीण शुद्ध बोलायला लागली तर लोक विचारतील. आणि मग त्यांनी जे म्हटलं ते ढगूला लागलं. "ताई, तुम्ही आजपर्यंत काहीच बोलला नाहीत."

"नाही बोलले," ढगू म्हणाली. "मला येत होतं म्हणून करून टाकलं. माझी आई असं बोलते, मॅडम. मी तिचं बोलणं इथे आणून हसण्यासाठी दिलं. ते मी केलं, तुम्ही नाही. पण आईने कधी कुणाला भिऊन पळ काढलेला मी पाहिला नाही. आणि या बाईनेही नाही. हे बघा, तिचं बोलणं इथे लिहिलेलं आहे. मी तेवढंच मागते. तिची पूर्ण वाक्यं."

मॅडमनी फाइल ठेवून घेतली. दोन दिवस काही कळलं नाही. ढगूने मनाची तयारी केली होती. स्वयंपाकीण दुसऱ्या कुणाला दिली तर देवोत. तिसऱ्या दिवशी फोन आला. उरलेले चौदा भाग मुळाबरहुकूम करायचं ठरलं होतं. वाहिनीला मॅडमनी कसं पटवलं, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की त्यांनी बाराही भाग पुन्हा बसून पाहिले, आणि एकदा कळल्यावर ते हा-हा-हा ऐकवेना.

मास्तरांनी आठवड्यात नवीन पानं लिहून आणली. ढगू कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचते हे त्यांच्या लक्षात होतं, म्हणून यावेळी अक्षरं चांगली मोठी होती. माफी त्यांनी तेवढीच मागितली आणि ढगूला ती पुरली.

पण माइकसमोर उभं राहिल्यावर तिला ते जमेचना. चेटकिणीचा आवाज होता, ट्रकचा होता, शहाण्या बाईचा नव्हता. पहिले दोन टेक असे ताठ गेले, की रेकॉर्डिस्ट, जो दिवसभरात दोन शब्दांपलीकडे बोलत नसे, तो काचेपलीकडून म्हणाला, "ताई, गाडी पाच मिनिटं उशिरा येणार असल्यासारखं वाटतंय." सगळे हसले. ढगूही हसली. मग तिने डोळे मिटून भिंगरीचा गृहपाठ आठवला. बेरीज चुकलेली आहे, पोरगी रडकुंडीला आलीय, आणि आपण म्हणतोय, थांब, आधी हा आकडा बघ. त्याच आवाजात ती दारापासून ओल्या ठशांपर्यंतचं सगळं बोलली आणि शेवटी म्हणाली, "राजकन्ये, आधी खिडकी बघ." ओठ अगदी बरोबर जुळले. एक श्वाससुद्धा उरला नाही.

तो भाग लागला त्या संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर होते. नवरा दुकान लवकर बंद करून आला होता, बाहुली तिच्या आईला घेऊन आली होती, आजी खास बसने आली होती. स्वयंपाकीण बोलू लागली आणि भिंगरीच्या कपाळावर आठी पडली.

"ही कोण?"

"आईच आहे," बाप म्हणाला.

"मग हसत का नाही? बरं नाही का तिला?"

आपण एवढा जीव ओतून जे केलं ते लेकीला आवडलं नाही, हे गिळायला ढगूला थोडा वेळ लागला. भिंगरी गाल फुगवून बघत राहिली. बाहुलीने विचारलं, हिची भाषा अशी एकदम कशी काय सुधारली. तेव्हा भिंगरीने टीव्हीवरून नजर न हलवता सांगितलं, "ती शिकली. आजीला नाही जमलं, तिला जमलं."

ढगूच्या नणंदेने तोंडावर हात ठेवला. खोलीत कुणाला कुणाकडे बघावं कळेना.

"बरोबर," आजी म्हणाली. "तो पास झाला. मी नापास." आणि ती पोट धरून हसली, तेव्हा बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला.

पंधरा दिवस भिंगरीची कुरकूर चालली. शाळेतल्या पोरांनाही आता स्वयंपाकीण कंटाळवाणी वाटते, असं तिने ढगूला ऐकवलं. मग कधीतरी, कसं ते कुणाला कळलं नाही, तिच्या लक्षात आलं की चोर दर वेळी स्वयंपाकिणीमुळे सापडतो. त्यानंतर घरात कुणाची चप्पल नीट राहिना. भिंगरी चपला उलट्या करून माती बघायची, खिडकीच्या कडा चाचपायची आणि बापाला बजावायची, की तू दुपारी घरी आला होतास, बिस्किटाचा चुरा सांगतोय.

एवढ्याने सगळं सुधारलं, असं ढगूला वाटलं नाही. सूप अजून तीच बाई ढवळत होती आणि मुकुट अजून त्याच डोक्यावर होता. चित्रं कुणीतरी कुठेतरी काढलेली होती, तिथे तिचा हात पोचत नव्हता. एका सकाळी बुटाची नाडी बांधून घेताना भिंगरीने विचारलंच.

"आई, माझ्यासारखी राजकन्या असते का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "मी केलेल्या कार्टूनमध्ये तरी अजून नाही आली," ढगू म्हणाली. "यायला हवी होती."

"आली की तिचा आवाज तू काढ."

"माझा आवाज फार जाड आहे, भिंगरी."

"तिचापण जाड असेल," भिंगरी म्हणाली, आणि दुसरा पाय पुढे केला.

मालिकेचा शेवटचा भाग बाजाराचा होता. त्यात गर्दीचे आवाज हवे होते, आणि गर्दीला माणसं कमी पडली की स्टुडिओत प्रत्येकाने घरचं कुणीतरी आणायचं, असा रिवाज होता. ढगू आईला घेऊन गेली. आईने इस्त्रीची साडी नेसली होती. केस घट्ट बांधले होते. दारातून आत येताना ती जुन्या सवयीने नुसती मान हलवत होती. मॅडमनी तिला खुर्ची दिली, मास्तरांनी पाणी दिलं, आणि तिला एक वाक्य मिळालं. बाजारात टोपली घेऊन बसलेली बाई गिऱ्हाइकाला सांगते, अंडी संपली, उद्या ये.

आई माइकसमोर उभी राहिली. तिने घसा साफ केला आणि खणखणीत म्हणाली, "अंडा संपला. उद्या ये."

रेकॉर्डिस्टने ढगूकडे पाहिलं. मास्तर पुढे सरसावले आणि मग आपणहून थांबले. पडद्यावरची बाई कुणाला भीत नव्हती, पळत नव्हती, हसवतही नव्हती. तिची अंडी खरोखरच संपली होती, आणि गिऱ्हाइकाला ते कळलं होतं.

"राहू दे," ढगू म्हणाली.

आई हेडफोन काढून बाहेर आली. झालं का, एवढंच का, असं तिने विचारलं. झालं म्हटल्यावर ती जरा हिरमुसली. मग तिने मॅडमना गाठलं आणि पुढचा बाजार कधी आहे, ते विचारून घेतलं.